दाट म्हणजे किती दाट?

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. पण पावसाळ्यात लोणावळ्यात घर चालवणं हेच पूर्णवेळ काम असतं. कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही, मीठ पाणावतं, आणि शनिवार-रविवारी भुशी डॅमकडे जाणाऱ्या गाड्यांमुळे कोपऱ्यावरून दूध आणायलाही अर्धा तास लागतो. अशात ताईचा फोन आला. "लेकीला चार दिवस तुझ्याकडे पाठवतेय. काही विचारू नकोस. नुसती राहू दे."

(ताई, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे. लेकीची परवानगी घेऊन लिहितेय.)

भाची एम.एस्सी. करतेय, गणितात. पहिल्याच सत्रात ॲनालिसिसच्या पेपरात बॅक लागली. लहानपणापासून गणितात पैकीच्या पैकी घेणारी मुलगी, त्यामुळे घरात सुतकच. तिने तर पुन्हा फॉर्म भरायचा नाही, सरळ एखादा कॉम्प्युटरचा कोर्स करायचा असं ठरवूनच टाकलं होतं. पहिल्या संध्याकाळी कांदाभजी झाली, चहा झाला, आणि मी ताईचं न ऐकता विचारलंच. "नेमकं अडलं कुठे?"

"मावशी, डेन्स सेट. मला व्याख्या येते गं. पण ती कशाबद्दल आहे तेच कळत नाही. सर म्हणतात पाठ कर, सवय होईल. मला सवय नाही करायची, मला कळायला हवंय."

आता इथे मला माझा एक जुना गुन्हा कबूल करायचा आहे. त्यासाठीच ही पोस्ट.

मी स्वतः एम.एस्सी.ला याच प्रश्नावर पूर्ण मार्क मिळवले होते. मेट्रिक स्पेसमधल्या संचाचं क्लोजर म्हणजे ती आख्खी स्पेस असेल तर तो संच डेन्स. एका श्वासात म्हणून दाखवायचे. पुढे तालुक्यातल्याच एका कॉलेजात बरीच वर्षं बी.एस्सी.ला शिकवलं, आणि फळ्यावर व्याख्या लिहून झाली की मुलांना सोपं करून सांगायचे, "म्हणजे काय, तर जवळजवळ सगळा." मुलं लिहून घ्यायची. एका वर्षी शेवटून दुसऱ्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. पवनेच्या खोऱ्यातून पहिल्या एस.टी.ने यायचा, बहुतेक वेळा भिजलेला असायचा. म्हणाला, "मॅडम, परिमेय संख्या डेन्स आहेत आणि अपरिमेयही डेन्स आहेत असं तुम्हीच सांगितलं. मग दोघेही जवळजवळ सगळे कसे?"

मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, "ते पोर्शनच्या बाहेरचं आहे. बस खाली."

तो बसला. पुन्हा कधी हात वर केला नाही. मला त्याचं नाव आठवत नाही, आणि तेच जास्त लागतं. त्याचा प्रश्न पोर्शनच्या बाहेरचा नव्हता. पोर्शन त्या प्रश्नातच होता. मला उत्तर येत नव्हतं एवढंच. म्हणजे पुस्तकातलं उत्तर यायचं, पण मी मुलांना जे वाक्य सांगत होते ते चुकीचं आहे हे त्या क्षणापर्यंत मला दिसलेलं नव्हतं. भाचीला बॅक आणि मला पूर्ण मार्क, हा हिशेब कुठेतरी चुकलाय असं मला त्या संध्याकाळी प्रकर्षाने वाटलं.

असो. तर भजी संपल्यावर मी काय केलं ते सांगते. गणिताची भीती असलेल्यांनीही वाचावं, आकडेमोड फार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही लोकलने पुण्याला निघालो. खरं कारण माझा चष्मा. लोणावळा ते पुणे हा लोहमार्ग सुमारे ६४ किलोमीटरचा. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव... ही स्टेशनं तोंडपाठ. ६४ हा आकडा मला भारी आवडतो, कारण तो अर्धा करत गेलं की ३२, १६, ८, ४, २, १ असा गोड उतरतो. मी तिला म्हटलं, समज, हा रूळ म्हणजे एक सरळ रेघ. पुण्याला एक खांब, लोणावळ्याला एक खांब. आता बरोबर मध्ये एक खांब रोव. साधारण तळेगावच्या आसपास येईल तो. ही पहिली फेरी. मग जे दोन तुकडे झाले त्यांच्या मध्यावर एकेक. मग चार तुकड्यांच्या मध्यावर. असं करत राहा.

सहाव्या फेरीनंतर दर किलोमीटरला खांब होतो. सोळाव्या फेरीनंतर दोन खांबांतलं अंतर एक मीटरहून थोडं कमी. सव्विसाव्या फेरीनंतर एक मिलिमीटरहून कमी. (तोवर खांब किती जाड असेल हा प्रश्न तिने विचारलाच. जाडी शून्य. गणितातले खांब आहेत ते, बिल पास करायला कोणी नाही.)

"म्हणजे सव्विसाव्या फेरीला डेन्स झाले?" तिने विचारलं.

नाही. कुठल्याच फेरीला नाही. हा पहिला मुद्दा, आणि फळ्यावर तो कधी सांगितला जात नाही. शंभराव्या फेरीलाही दोन खांबांमध्ये मोकळी जागा असतेच, आणि तिथे तू बोट ठेवू शकतेस. दाटपणा कुठल्या एका फेरीत नसतो. तो सगळ्या, कधीच न संपणाऱ्या फेऱ्या मिळून जो संच होतो त्यात असतो. रुळावर कुठेही बोट ठेव आणि कितीही लहान अंतर सांग, केसाएवढं, केसाच्या हजाराव्या भागाएवढं. तेवढ्या अंतरात कुठल्या ना कुठल्या फेरीतला एक तरी खांब सापडेलच. बस, व्याख्या एवढीच आहे. अंतर आधी तू सांगायचंस, खांब मग मी दाखवायचा. हा क्रम उलटा झाला की सगळा घोळ होतो.

कामशेत गेलं तेव्हा ती म्हणाली, "मग सगळीकडे खांबच झाले की."

इथेच तर गंमत आहे. पुण्यापासून बरोबर एक तृतीयांश अंतरावर, म्हणजे २१ किलोमीटर आणि वर ३३३ मीटर आणि वर एक तृतीयांश मीटर, तिथे खांब येतो का बघ. आपले खांब नेहमी एक द्वितीयांश, चतुर्थांश, अष्टमांश अशाच ठिकाणी येतात. खाली फक्त २ चे घात. एक तृतीयांश तिथे यायचा तर २ च्या कुठल्या तरी घाताला ३ ने भाग जायला हवा, आणि तो कधीच जात नाही. सोळाव्या फेरीनंतर सगळ्यात जवळचा खांब त्या जागेपासून साधारण ३३ सेंटिमीटरवर असतो, सव्विसाव्या फेरीनंतर मिलिमीटरच्या एक तृतीयांशापेक्षाही जवळ. जवळ येतात, येतच राहतात, पण त्या जागेवर खांब कधीही नाही. अशा जागा किती? अगणित, शब्दशः. खांब एक, दोन, तीन असे क्रमाने मोजता येतात. बिनखांबांच्या जागा तशा मोजताच येत नाहीत.

मग मी तिला ते सांगितलं जे मला कोणी विद्यार्थी असताना सांगितलं असतं तर बरं झालं असतं. खांबांना फेरीप्रमाणे नंबर दे. पहिल्या खांबाभोवती एक मीटरची पट्टी रंगव. दुसऱ्याभोवती अर्ध्या मीटरची. तिसऱ्याभोवती पाव मीटरची. अशी दर वेळी निम्मी. एकही खांब सोडायचा नाही. सगळ्या पट्ट्यांची लांबी मिळून किती होईल?

तिने पटकन बेरीज केली. "दोन मीटर."

"चौसष्ट किलोमीटरच्या रुळावर दोन मीटर रंग. त्यात सगळेच्या सगळे खांब झाकले गेले. उरलेले ६३,९९८ मीटर कोरे आहेत. पण त्या कोऱ्या भागातून मला एक मिलिमीटरचा अखंड तुकडा काढून दाखव."

ती गप्प झाली. खिडकीबाहेर इंद्रायणी गढूळ होऊन वाहत होती, भातखाचरात गुडघाभर पाण्यात लावणी चालली होती. पाचेक मिनिटांनी म्हणाली, "नाही काढता येणार. कुठलाही तुकडा घेतला तरी त्यात खांब येणार, आणि खांब आला की त्याच्याभोवतीचा रंग येणार." मग पुन्हा गप्प. मग, "मावशी, हे भयंकर आहे."

आहेच भयंकर. जवळजवळ सगळा रूळ कोरा आणि तरी कोरा तुकडा म्हणून एकही नाही. माझं ते "जवळजवळ सगळा" वाक्य इथे उघडं पडतं. दाट संच लांबीच्या हिशेबात अगदी नगण्य असू शकतो. आणि त्याच्या बाहेर राहिलेलेही दाट असू शकतात. परिमेय आणि अपरिमेय दोन्ही दाट, एकही सभासद सामाईक नाही, आणि दोघांचं भांडण नाही. शेवटून दुसऱ्या बाकाला हे एवढंच हवं होतं.

मला वाटतं दोष शब्दाचाही आहे. इंग्रजीत डेन्स म्हटलं की गच्च भरलेलं असं वाटतं. मराठीत दाट म्हटलं तरी तेच. दाट झाडी, दाट दूध, खंडाळ्याचं दाट धुकं. चिक्कीत तीळ दाट असतात म्हणजे पाकापेक्षा तीळ जास्त असतात. गणितातल्या दाटपणाचा जास्त-कमीशी संबंधच नाही. जुन्या पुस्तकांत 'एव्हरीव्हेअर डेन्स' असा शब्दप्रयोग असायचा, तो मला जास्त प्रामाणिक वाटतो. सगळीकडे पोचलेला. आमच्या लहानपणी पोस्टमन असायचा तसा. पोस्टमन गावात एकच, पण त्याची पोच नाही असा वाडा नाही. (ही उपमा ताणू नका, पोस्टमनला रविवारी सुट्टी असते.)

"बरं, पण याचा उपयोग काय?" हा तिचा पुढचा प्रश्न. चष्म्याच्या दुकानात, माझ्या डोळ्यांवर ते लोखंडी यंत्र बसवलेलं असताना.

उपयोग मोठा आहे. समज, रुळाची समुद्रसपाटीपासूनची उंची तुला फक्त खांबांपाशी माहीत आहे. लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या आसपास, पुणं त्याहून खाली. मधल्या कुठल्याही बिनखांबाच्या जागेची उंची तुला काढता येईल का? येईल, आणि अंदाजे नाही, नेमकी. कारण उंची अचानक उडी मारत नाही. रुळाला पायऱ्या नसतात. त्या एक तृतीयांशच्या जागेकडे सरकत जाणारे खांब घ्यायचे, त्यांच्या उंचीचे आकडे ज्या एका आकड्याकडे सरकतात तोच त्या जागेचा. म्हणून दाट संचावर दोन सलग फलनं सारखी असली की ती सगळीकडे सारखी. मूठभर जागांवरून आख्खी गोष्ट कळते, मात्र ती गोष्ट उड्या मारणारी नको.

उडी मारणारी गोष्ट कुठली? तिकीट. भाडं किलोमीटरच्या टप्प्यांनी वाढतं, मध्ये सरळ पाच रुपये उडतं असं धर. भाडं बदलण्याची जागा नेमकी त्या एक तृतीयांशवर असेल, तर सगळ्या, अगदी सगळ्या खांबांचं भाडं ठाऊक असूनही त्या जागेचं जुनं भाडं की नवं, हे खांब सांगू शकत नाहीत. चष्मेवाले काका मध्येच म्हणाले, "आता स्पष्ट दिसतंय का?" आम्ही दोघी हसायला लागलो, त्यांना काही कळेना.

परतीच्या लोकलमध्ये गर्दी होती, उभ्यानेच आलो. म्हणून 'मेट्रिक' या भागाकडे घरी आल्यावर वळलो. खरं म्हणजे तो आधी यायला हवा. दाट आहे की नाही हे अंतर कसं मोजता त्यावर ठरतं, आणि अंतर मोजायच्या रीती अनेक. हे मावळात राहणाऱ्याला शिकवावं लागू नये. लोहगड आणि विसापूर पक्ष्याला शेजारी-शेजारी. एका किल्ल्यावर उभं राहिलं की दुसऱ्यावरची माणसं दिसतात. पण पायाने जायचं तर एक आख्खा उतरा, गायमुख खिंडीत या, आणि दुसरा आख्खा चढा. पक्ष्याचं अंतर वेगळं, गुडघ्यांचं वेगळं. दोन्ही खरी अंतरं आहेत. दोन्हींत स्वतःपासून स्वतःचं अंतर शून्य, वेगळ्या दोन जागांचं शून्याहून जास्त, जाण्याइतकंच येण्याचं (गुडघे इथे निषेध नोंदवतात), आणि मध्ये तिसरीकडे वळसा घालून गेलं तर अंतर कमी होत नाही. मेट्रिकच्या अटी एवढ्याच. मराठीत 'अंतर' हा शब्द किती सोयीचा आहे बघा, दोन गावांत असतं तसंच दोन माणसांतही पडतं.

एक रीत तर अशी की दोन गोष्टी वेगळ्या असल्या की अंतर एक, बस. शेजारची खोली असो की अमेरिका. या मोजमापात कुणी कुणाच्या जवळच नसतं, म्हणून तिथे दाट संच एकच, आख्खी स्पेस. एकालाही वगळून चालत नाही. आमच्याकडे लग्नाच्या आमंत्रणांच्या यादीत हेच मेट्रिक वापरतात.

यापुढचं सांगताना मला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवले. त्यांची ओळख बहुतेकांना इतिहासकार म्हणून. कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवरचे शिलालेख, त्यातलं धेनुकाकट हे गाव, मावळातल्या जुन्या वाटा, डोंगरउतारावर सापडणारी दगडाची बारीक हत्यारं, हे सगळं त्यांनी पायी फिरून अभ्यासलं. पण व्यवसायाने ते गणिती. आधी फर्ग्युसन कॉलेजात शिकवत, मग १९४०च्या दशकाच्या मध्यापासून १९६२ पर्यंत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा. म्हणजे आमच्याच रुळावरून. १९४३ साली त्यांनी 'स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस' नावाचा निबंध लिहिला. त्यात प्रत्येक आलेख हा एका मोठ्या अवकाशातला एकेक बिंदू मानलेला आहे, आणि गुंतागुंतीचा आलेख साध्या, परस्परांना लंब अशा आलेखांच्या बेरजेने गाठायचा विचार आहे. पुढे १९४०च्या दशकातच कारहुनेन आणि लोएव्ह यांनी याच कल्पनेवर स्वतंत्रपणे काम केलं आणि नाव त्यांचं रूढ झालं. गाठायचा म्हणजे काय, तर तेच आपलं. मोजक्या साध्या आलेखांच्या बेरजांचा संच आलेखांच्या त्या अवकाशात दाट असतो, म्हणून हवं तेवढं जवळ जाता येतं. वायरश्ट्रासने १८८५ मध्ये बहुपदींबद्दल असंच सिद्ध केलं होतं, की ठरावीक पट्ट्यातल्या कुठल्याही सलग आलेखाच्या हवं तेवढं जवळ एखादी बहुपदी असते.

पण दोन आलेखांमधलं अंतर मोजायचं कसं? पावसाचंच घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आता वीस वर्षांच्या पावसाळ्यांची दोन टिपणं समजा, तंतोतंत सारखी, फक्त एकात तो दिवस आहे आणि दुसऱ्यात त्या दिवशी शून्य. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, वीस वर्षांचे २,४४० दिवस. सरासरी फरक काढला तर दिवसाला अर्धा मिलिमीटरही नाही. दोन्ही टिपणं 'जवळ' आहेत. पण सगळ्यात मोठा फरक किती असं विचारलं तर ९४४. 'प्रचंड लांब' आहेत. ज्यांचं घर त्या दिवशी पाण्याखाली गेलं त्यांना सरासरीचं मेट्रिक सांगून बघा.

भाचीने यावरून स्वतःच एक उदाहरण रचलं, आणि खरं सांगते, मला इतक्या वर्षांत ते सुचलं नव्हतं. (पुस्तकात असेल. असणारच.) ती म्हणाली, शून्यापासून सुरू होणाऱ्या सलग आलेखांचा संच घेऊ. आता ५० पासून सुरू होणारा एखादा आलेख दिला, तर मी माझा आलेख शून्यापासून काढून अगदी पहिल्या क्षणातच सुसाट ५० वर नेईन आणि पुढे त्याच्याच अंगावरून चालेन. सरासरी फरक हवा तितका कमी. म्हणजे सरासरीच्या अंतरात हा संच दाट. पण सगळ्यात मोठ्या फरकाच्या अंतरात मी सुरुवातीलाच ५० ने मागे, आणि ते कधी भरून निघत नाही. म्हणून तिथे दाट नाही. तोच संच, तेच आलेख, अंतर बदललं आणि उत्तर बदललं. वहीच्या मागच्या पानावर तिने काढलेली ती सुसाट रेघ मी अजून जपून ठेवली आहे.

ही मुलगी नापास आहे!

आता माझं मत. मला माहीत आहे इथे येणाऱ्यांत तीन-चार जण तरी शिकवणारे आहेत आणि ते रागावतील. मला वाटतं व्याख्या ही शेवटी सांगायची गोष्ट आहे. आधी खांब, आधी रंग, आधी "हे भयंकर आहे", आणि मग "या भयंकर गोष्टीला एका वाक्यात कसं पकडायचं?" म्हणून व्याख्या. आपण उलट करतो. व्याख्या हातात ठेवतो आणि म्हणतो सवय होईल. सवय होतेच, मला झाली होती, आणि त्या सवयीच्या जोरावर मी बरीच वर्षं चुकीचं वाक्य सांगितलं. परीक्षेत 'व्याख्या लिहा' याला जे दोन मार्क असतात ते काढून टाका. त्याऐवजी विचारा, दाट असलेला एक संच द्या ज्याच्या बाहेरचाही दाट आहे. दाट संच द्या जो दुसऱ्या अंतराने दाट राहत नाही. पाठ करून याचं उत्तर देता येतं हे मान्य, पण पाठ करणाऱ्याला निदान त्या रुळावरून एकदा जावं तरी लागतं.

पाठांतराच्या मी विरोधात नाही. पाढे पाठच हवेत, माझ्या आईने पावकी-निमकी पाठ करून घेतली म्हणून आजही भाजीवाला मला फसवू शकत नाही. पण पाढा पाठ करणारा मुलगा रोज बाजारात तो वापरतो. डेन्स सेटची व्याख्या पाठ करणारी मुलगी ती कुठे वापरते? फक्त उत्तरपत्रिकेत.

माझ्या एका जुन्या सहकारी बाईंना फोनवर हे सगळं ऐकवलं. त्या म्हणाल्या, "तुला बोलायला काय जातंय, रिटायर झालीस. साठ मुलं, आठवड्याला चार तास, आणि पोर्शन कोण पुरा करणार?" हे खरं आहे. मी नोकरीत असताना हेच म्हणायचे. पुण्याची एक फेरी, चष्म्याचं दुकान आणि चार दिवसांचा पाऊस एका मुलीसाठी खर्च करता येतो, साठांसाठी नाही. माझ्याकडे याला उत्तर नाही. फक्त एवढंच म्हणते, की त्या दिवशी "बस खाली" म्हणायला जितका वेळ लागला, तितक्याच वेळात "मलाही बघावं लागेल, उद्या बोलू" असं म्हणून झालं असतं. त्याने पोर्शन मागे पडला नसता.

चौथ्या दिवशी पाऊस थोडा उघडला. स्टेशनवर तिला सोडायला गेले. चिक्कीची दोन पाकिटं दिली, एक ताईला, एक तिला, वाटेत दोन्ही फोडू नकोस म्हणून सांगितलं. गाडी सुटेपर्यंत तिने परीक्षेचं काही काढलं नाही, मीही विचारलं नाही. ताईचं निदान इतकं तरी ऐकलं.

काल रात्री तिचा मेसेज आला. "मावशी, तो रंगवलेला संच दाट आहे आणि सगळा उघड्या पट्ट्यांचा आहे. परिमेय आणि अपरिमेय दाट असून एकमेकांना भेटत नाहीत हे कळलं. पण असे दोन रंगवलेले संच घेतले, दोन्ही दाट, दोन्ही पट्ट्यांचे, तर ते एकमेकांना चुकवू शकतील का? मला वाटतंय नाही. आणि दोनाऐवजी शंभर घेतले तर? कधीच न संपणारे घेतले तर?"

फॉर्मची शेवटची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, त्याबद्दल एक अक्षर नाही. मी उत्तर पाठवलेलं नाही. "मलाही बघावं लागेल, उद्या बोलू" एवढंच लिहिलं, आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यातली जुनी वही काढली. कडा ओलसर झाल्यात, पानं एकमेकांना चिकटलीत. सध्या ती स्वयंपाकघरात शेगडीपासून हातभर अंतरावर वाळत ठेवली आहे.